लेख मुलीचा, आवाज यंत्राचा

प्रश्न : माझी मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या वार्षिकांकासाठी तिनं मारबतीवर लेख लिहिला. माझ्यासमोर बसून, वहीत, पेनानं लिहिला. मोबाइल तेव्हा चार्जिंगला लावलेला होता. सरांनी तो परत केला आणि 'हे एआयचं काम दिसतं, स्वतः लिहून आण' म्हणाले. पोरगी तेव्हापासून धड जेवत नाही. कोणी सांगतं, एक-दोन चुका मुद्दाम ठेव म्हणजे संशय येणार नाही. कोणी सांगतं, वेबसाइटवर तपासून टक्क्यांचा कागद सरांना दाखव. मला एवढंच कळत नाही, की माणसानं लिहिलेलं यंत्रासारखं वाटतंच कसं? लेखाची झेरॉक्स सोबत जोडली आहे. आमच्या घरी मारबतीचं फार आहे. सासूबाई तर अजून सांगतात, मारबत पाहून आलं की आधी पाय धुवा, मग उंबरठा ओलांडा. ती पीडा गावाबाहेर न्यायला निघालेली, तुम्ही कुठं तिला पायाला लावून घरात आणता!
(एक वाचक, महाल, नागपूर)

उत्तर : ताई, तुमचं पत्र आणि झेरॉक्स, दोन्ही नीट वाचलं. लेख मुलीनं स्वतः लिहिला यावर माझा पूर्ण विश्वास आहे. तरीही सरांना तो यंत्राचा का वाटला, हे मला पहिल्या परिच्छेदातच कळलं. लेख कोणी लिहिला हा एक प्रश्न आहे आणि तो कानाला कसा लागतो हा दुसरा. सरांनी दुसऱ्याचं उत्तर पाहिलं आणि त्यावरून पहिल्याचा निकाल देऊन टाकला. त्यांचा कान बरोबर होता, निदान चुकलं. मुलीनं ते निदान मनाला लावून घेऊ नये. कानाला काय खटकलं ते मात्र समजून घ्यावं, कारण ते तिला पुढे जन्मभर उपयोगी पडेल.

लेखाची सुरुवात अशी आहे : 'मारबत हा नागपूरच्या समृद्ध सांस्कृतिक वारशाचा एक अविभाज्य भाग आहे. हा केवळ एक उत्सव नसून तो एकता, परंपरा आणि सामाजिक जागरूकता यांचे प्रतीक आहे. आजच्या धावपळीच्या युगात हा उत्सव नव्या पिढीला आपल्या मुळांशी जोडण्यात महत्त्वाची भूमिका बजावतो.'

व्याकरण चोख आहे, शुद्धलेखनाची एक चूक नाही. आता यातलं 'मारबत' काढून 'गणेशोत्सव' घाला आणि 'नागपूर' काढून 'पुणे'. काही बिघडलं? मग 'दसरा' आणि 'म्हैसूर' घालून पाहा. तरी बिघडत नाही. तीन वाक्यं वाचून झाली आणि मारबत म्हणजे मिरवून जाळायचा पुतळा, पालखी किंवा नाच नव्हे, हे परगावच्या वाचकाला अजून कळलेलं नाही. कुठल्याही गावाच्या कुठल्याही सणाला जशीच्या तशी चालणारी वाक्यं सलग आली की ऐकणाऱ्याला वाटतं, हे सांगणारं कोणी तिथं नव्हतंच. सरांना वाटलं ते हेच.

आता यंत्र अशी वाक्यं का करतं ते पाहू. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वांसाठी खुलं झालं. त्याच्या मुळाशी असलेली रचना २०१७ सालची. तिचं काम सांगायला सोपं आहे. आतापर्यंत आलेले शब्द पाहायचे, पुढे कोणकोणते तुकडे येण्याची किती शक्यता आहे ते काढायचं, त्यातला एक उचलून लावायचा आणि पुन्हा तेच करायचं. ही शक्यता यंत्राला आधी वाचलेल्या अफाट मजकुरावरून कळते. त्या मजकुरात 'समृद्ध सांस्कृतिक' या शब्दांपुढे 'वारसा' इतक्या वेळा आलेला असतो, की तो आपसूक पुढे येतो. शिवाय 'मारबतीवर निबंध लिही' एवढंच सांगितलं, तर तुम्ही त्याला दुसरं काही दिलेलंच नसतं. इतवारीतल्या गर्दीत ते उभं राहिलेलं नाही. मग सगळ्या सणांबद्दल सगळे जे म्हणतात, तेच ते मारबतीबद्दल म्हणतं.

यात मराठीची अडचण आणखी वेगळी. यंत्रांनी वाचलेल्या मजकुरात इंग्रजीचा वाटा फार मोठा आहे, मराठीचा अगदी लहान. त्या लहान वाट्यातही सरकारी सूचना, स्पर्धा परीक्षांच्या नोट्स, इकडची तिकडे उतरवलेली बातमी आणि सरळसरळ भाषांतर असा माल बराच. गूगलचं भाषांतर मराठीत आलं मे २०१३मध्ये. तेव्हापासून यंत्रानं केलेली मराठीही इंटरनेटवर साठत गेली, आणि तीसुद्धा पुढच्या यंत्रांच्या वाचनात येते. त्यामुळे इंग्रजीच्या मापानं बेतलेली वाक्यं त्यांना मराठीच वाटतात.

तिसरं कारण माणसांनीच घडवलेलं आहे. यंत्राचं वाचन झाल्यावर माणसं त्याची उत्तरं तपासून कोणतं बरं ते सांगतात आणि त्याप्रमाणे यंत्राला वळण लावलं जातं. अशा निवडीत सभ्य, कोणाला न दुखावणारं, सुरुवात-मध्य-शेवट असलेलं, दोन्ही बाजू मांडून शेवटी सारांश देणारं उत्तर पसंत पडत गेलं. म्हणून विचारलं नसलं तरी ते समारोप करतं.

इथवर यंत्राचं झालं. पण तुमच्या मुलीनं तर मोबाइलला हात लावला नव्हता. ती त्याच वाक्यांपाशी कशी पोचली? ती पोचली कारण तिनं आणि यंत्रानं एकाच विहिरीचं पाणी प्यायलं आहे. आठवा, पाचवी-सहावीपासून निबंध कसा शिकवतात. प्रस्तावना, मुद्दे, समारोप. गाइडमध्ये 'माझा आवडता सण' तयार असतो; सण बदलला तरी पहिलं आणि शेवटचं वाक्य तेच. पेपर तपासणाऱ्यापुढे गठ्ठे असतात. ठरलेला आकार दिसला की गुण पडतात. मुलं हुशार असतात, ती हा आकार लवकर शिकतात. 'आजच्या धावपळीच्या युगात' हे शब्द यंत्र येण्याच्या कितीतरी आधीपासून शाळेच्या वह्यांत आहेत. यंत्रानं ते आपल्याकडून उचलले, आणि आता ते शब्द दिसले की आपण यंत्रावर बोट ठेवतो.

शाळेखेरीज आणखी एक शिकवणी आपल्याला नकळत मिळते, ती कचेरीची. नागपूरकरांना हे विशेष जवळचं, कारण १९५६पर्यंत आपलं शहर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. इंग्रजीतला कारभार देशी भाषांत आणण्यासाठी नवे शब्द घडवायचं मोठं काम डॉ. रघुवीर यांनी इथं नागपुरात बसून केलं. त्यांचा प्रशासकीय शब्दांचा जाडजूड इंग्रजी-हिंदी कोश १९५५ सालचा. पुढे महाराष्ट्र झाल्यावर ६ जुलै १९६० रोजी भाषा संचालनालय स्थापन झालं आणि राज्यकारभाराची मराठी परिभाषा घडत गेली. हे काम आवश्यक होतं, त्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. सातबाऱ्यावर किंवा शासन निर्णयात एका शब्दाचा एकच अर्थ निघायला हवा. तिथं 'कार्यवाही करण्यात येत आहे' हेही योग्यच, कारण तिथं माणूस बोलत नसतो, खुर्ची बोलत असते. अडचण होते ती हा कर्ता लपवायचा रिवाज लेखात आला की.

मुलीच्या लेखातलं हे वाक्य पाहा : 'पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक काढण्यात येते व तिचे दहन करण्यात येते.' कोण काढतं? पिवळी मारबत जागनाथ बुधवारीतून निघते आणि ती तऱ्हाणे तेली समाज काढतो. काळी निघते इतवारीत, नेहरू पुतळ्याच्या भागातून. काळीची परंपरा १८८१पासूनची आणि पिवळीची १८८५पासूनची सांगतात. 'काढण्यात येते' म्हटलं की एवढी माणसं, एवढी घरं, पिढ्यान् पिढ्या राबलेले हात एका क्रियापदात गडप होतात. यंत्र असं लिहितं तेव्हा त्याच्यापुढे नाव नसतं म्हणून. तुमच्या मुलीला नाव ठाऊक होतं, लेखात तिसऱ्या परिच्छेदात एका कंसात ते आलंही आहे. ते कंसातून काढून वाक्याच्या तोंडाशी आणलं की वाक्य आपोआप सरळ होतं : 'जागनाथ बुधवारीतला तऱ्हाणे तेली समाज पिवळी मारबत काढतो.'

तसंच क्रियापदांचं. लेखात 'मिरवणुकीचे निरीक्षण केले', 'उत्सवात सहभाग घेतला', 'आनंदाचा अनुभव प्राप्त झाला' असं सगळं आहे. नामाला 'करणे', 'घेणे', 'होणे' जोडत गेलं की वाक्य जड होतं आणि बोलणाऱ्याचं मन त्यात दिसत नाही. मराठीची खरी श्रीमंती इथंच आहे. 'मिरवणूक पाहिली', 'पाहून आले', 'पाहत बसले', 'पाहून घेतली एकदाची', 'पाहायची राहूनच गेली', 'पाहवली नाही'. पाहण्याची क्रिया तीच, पण सहाही ठिकाणी माणूस वेगळा आहे. एकात हौस आहे, एकात कंटाळा, एकात हळहळ. घरी बोलताना मुलगी यातलं नेमकं रूप न चुकता वापरत असेल. पेन हातात आलं की 'निरीक्षण केले' होतं, कारण तेच लिहिण्याजोगं अशी तिची समजूत करून दिलेली आहे. 'च', 'ही', 'तर', 'की', 'बरं का', 'म्हणे' या बारक्या शब्दांचंही तेच. ते गाळले की वाक्य शुद्धच राहतं, पण कोण कोणाशी बोलतंय ते कळेनासं होतं.

सर्वनामांचा एक नमुना आहे : 'तिने तिच्या मुलाला तिच्या कडेवर घेतले.' इंग्रजीत प्रत्येक ठिकाणी 'तिचा' लागतो. आपल्याकडे 'तिनं पोराला कडेवर घेतलं' म्हटलं की पोर कोणाचं आणि कड कोणाची, याबद्दल कोणालाही शंका येत नाही. 'हा एक अनोखा उत्सव आहे' यातला 'एक'ही असाच उगाच आलेला. असे 'एक' काढत गेलात तर पानभर लेखात वाक्यं हलकी झालेली दिसतील.

'केवळ उत्सव नसून' ही रचना लेखात चार ठिकाणी आहे, आणि तिच्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. मारबत म्हणजे केवळ उत्सव, असं म्हणालं कोण होतं? कोणी न केलेला दावा आधी उभा करायचा आणि मग तो खोडून मोठं काही सांगितल्याचा भास करायचा, असा तो प्रकार. खरोखर कोणाचा गैरसमज असेल, तर त्याचं नाव घेऊन तो खोडावा. उदाहरणार्थ, बाहेरगावचे लोक काळी आणि पिवळी एकाच मापानं मोजतात. इथं तसं नाही. पिवळीला देवीसारखा मान. बाया लेकरांना दर्शनाला घेऊन जातात. काळीबद्दल जुने लोक सांगतात की ती भोसल्यांच्या घरातल्या बांकाबाईच्या निषेधाची, तिनं इंग्रजांशी हातमिळवणी केली म्हणून. हा फरक सांगताना 'नसून' वापरलं तर ते शोभेल, कारण तिथं खोडायला खरंच काहीतरी आहे.

'एकता, परंपरा आणि सामाजिक जागरूकता' या त्रिकुटाबद्दल थोडक्यात. तीन शब्दांची लय कानाला बरी वाटते, म्हणून तीन येतात. मुलीला विचारा, यातलं तुला खरंच काय दिसलं? ती बहुधा बडग्यांकडे, म्हणजे मारबतीसोबत निघणाऱ्या पुतळ्यांकडे, बोट दाखवेल. महागाई, भ्रष्टाचार, त्या त्या वर्षी लोकांना जे डाचतं त्याचा पुतळा करून गल्लीगल्लीतून मिरवायचा आणि जाळायचा, हे जागरूकतेचं धडधडीत उदाहरण आहे. मग जागरूकतेवर परिच्छेदभर लिहावं, आणि उरलेल्या दोघींना सुट्टी द्यावी.

आता तुम्हाला मिळालेल्या सल्ल्यांकडे वळू.

चुका मुद्दाम ठेवायचा सल्ला सर्वांत आधी विसरा. शुद्ध लिहिणं ही यंत्राची खूण आहे, हा समज बराच पसरला आहे आणि तो चुकीचा आहे. यंत्राला 'चार चुका करून लिही' म्हटलं तर तेही करून देतं. मुलीनं मेहनतीनं कमावलेलं शुद्धलेखन तिनं सोडायचं काही कारण नाही, आणि प्रामाणिक मुलीनं प्रामाणिक दिसण्यासाठी बनवाबनवी करावी हे तर मला मुळीच पटत नाही.

वेबसाइटच्या टक्क्यांचं थोडं सविस्तर सांगतो, कारण छापील आकडा दिसला की आपण लगेच मान डोलावतो. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीनंच जानेवारी २०२३मध्ये असं ओळखण्याचं साधन काढलं होतं. कंपनीनं स्वतः दिलेल्या आकड्यांप्रमाणे यंत्राच्या मजकुरापैकी २६ टक्केच त्याला 'बहुधा यंत्राचा' म्हणून ओळखता येत होता, आणि माणसांच्या मजकुरापैकी ९ टक्क्यांवर ते खोटा ठपका ठेवत होतं. ते इंग्रजीसाठीच वापरा, असंही तिनं बजावलं होतं. अचूकता कमी म्हणून जुलै २०२३मध्ये ते बंद करण्यात आलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा सात साधनांना ९१ निबंध दिले. निबंध माणसांचे होते, पण इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले. सातही साधनांची सरासरी काढली तर ६१ टक्क्यांहून जास्त वेळा तो यंत्राचा मजकूर ठरवला गेला.

असं का झालं हे कळलं की तुमच्या मुलीचं कोडंही सुटतं. ही साधनं मुख्यतः एवढंच पाहतात, की पुढचा शब्द किती अंदाजानं ओळखता येतो. शिकलेली, परीक्षेसाठी घोटलेली भाषा साहजिकच अंदाजात बसणारी असते. म्हणजे नियम पाळून, ठरलेले शब्द वापरून लिहिणाऱ्यावरच ठपका येतो. अशा साधनानं उद्या मुलीला निर्दोष ठरवलं तरी तो कागद पुरावा म्हणून दाखवू नका. तेच साधन तिच्या वर्गातल्या दुसऱ्या कोणाला विनाकारण दोषी ठरवेल.

काही जण शब्दांच्या याद्या वाटतात, की हे हे शब्द दिसले म्हणजे यंत्र. या याद्यांमागे थोडं तथ्य आहे, पण ते वेगळ्या प्रकारचं. वैद्यक आणि जीवशास्त्रातल्या इंग्रजी शोधनिबंधांच्या दीड कोटी सारांशांची एका संशोधक गटानं छाननी केली. 'डेल्व्ह' सारखे काही शब्द चॅटजीपीटी आल्यानंतर एकाएकी वाढलेले दिसले, आणि त्यावरून २०२४च्या सारांशांपैकी किमान १३.५ टक्क्यांवर यंत्राचा हात फिरला असावा असा अंदाज त्यांनी बांधला. हा अंदाज सगळ्या ढिगाबद्दल आहे. त्या ढिगातला अमुक एक सारांश कोणाचा, हे त्यावरून सांगता येत नाही. मराठीत तर 'अविभाज्य' हा शब्द आपल्या शाळांत पिढ्यान् पिढ्या राबतो आहे. यादी पाहून 'अविभाज्य भाग' खोडला आणि 'अतूट हिस्सा' लिहिलं, तर वाक्य होतं तितकंच रिकामं राहतं.

एक शंका तुम्ही विचारली नाही, पण नागपुरात ती हमखास येते. नागपुरी-वऱ्हाडी बोली घातली की लेख जिवंत होतो का? 'मले', 'तुले', 'करून राहिली' असे शब्द मीठ-मसाल्यासारखे वरून पेरले तर तीही सवयच होते, आणि यंत्रालाही ती मागितल्यावर देता येते. आजी जशी बोलते तशी तिच्या तोंडी घालावी, अगदी हुबेहूब. मुलगी स्वतः जशी लिहिते तशी तिनं लिहावं. दोघींचे आवाज वेगळे राहिले की वाचकाला दोन माणसं भेटतात.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतो. सुरुवात तुमच्या पत्रातूनच करू. तुमच्या पत्राच्या शेवटी सासूबाईंचं जे सांगणं आहे, ते मला मुलीच्या अख्ख्या लेखापेक्षा जास्त मोलाचं वाटलं. पाय का धुवायचे, पीडा कुठून कुठे जाते, ती चुकून परत कशी येऊ शकते, हे सगळं त्यात आहे, आणि बोलणारी बाई डोळ्यांपुढे उभी राहते. तुम्ही काही विशेष प्रयत्न केला नव्हता. तुम्हाला मला काहीतरी समजावून सांगायचं होतं, एवढंच. मुलगी लिहायला बसली तेव्हा तिच्यापुढे असं कोणी नव्हतं, वार्षिकांक होता आणि गुण होते.

म्हणून तिला म्हणावं, लेख बाजूला ठेव आणि ज्यानं कधी मारबत पाहिली नाही अशा ओळखीच्या माणसाला पत्र लिही. कोल्हापूरची मावसबहीण असो की मुंबईचा मामा. तो काय विचारेल? केवढी असते? कशाची करतात? तिचा चेहरा कसा असतो? गर्दीत तू कुठं उभी होतीस? यंदा बडग्यांवर काय लिहिलं होतं? भीती वाटली का? या प्रश्नांची उत्तरं लिहिताना 'समृद्ध वारसा' म्हणायची वेळच येत नाही. एखाद्या प्रश्नाचं उत्तर ठाऊक नसेल तर जागनाथ बुधवारीत जाऊन विचारून यावं. मारबत बनवणारी माणसं याच शहरात आहेत, आणि विचारलेलं त्यांना आवडतं.

हा मार्ग आपल्या विदर्भाला नवा नाही. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात तेराव्या शतकात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केलं, ते चक्रधरस्वामींना प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसांना विचारून विचारून. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तिथं वेगळा पाठही नोंदवलेला सापडतो. कोण कुठं बसलं होतं, काय विचारलं, काय खाल्लं, हे लहान लहान वाक्यांत आहे. मराठीतलं सर्वांत जुनं मोठं गद्य हे, आणि त्यात ऐकणाऱ्याला अजूनही माणसं बोलताना ऐकू येतात.

मुलीच्या लेखातही असं एक वाक्य आहे, चौथ्या परिच्छेदाच्या मधोमध, दोन सरधोपट वाक्यांच्या बेचक्यात अडकलेलं : 'बडग्या इतका उंच होता की आमच्या गल्लीत केबलची वायर बांबूने वर उचलून धरावी लागली.' हे कोणत्याही गाइडात नाही. ते वाचताच मला गल्ली दिसली, मान वर केलेली पोरं दिसली, बांबू धरणाऱ्याची तारांबळ दिसली. लेख इथून सुरू करायला सांगा. बांबू कोणी धरला होता, त्या बडग्याचा विषय काय होता, वायर सुटली असती तर काय झालं असतं, हे लिहिता लिहिता काळी-पिवळीचा इतिहास आपसूक जागेवर येईल. परिच्छेद लहान-मोठे झाले तर होऊ द्यावेत. शेवटचा समारोपाचा परिच्छेद पूर्ण काढून टाकावा. मारबत जाळली की लेख संपला. मग सगळं मोठ्यानं सासूबाईंना वाचून दाखवावं, आणि त्या जिथं 'म्हणजे काय गं?' म्हणतील तिथं पेनानं खूण करावी.

यंत्राची मदत घेणं मुळातच वाईट, असं माझं म्हणणं नाही. शब्दाचं शुद्ध रूप किंवा एखादा संदर्भ कुठं मिळेल ते विचारायला हरकत नाही. मात्र यंत्र सनावळ्या तेवढ्याच ठामपणे चुकीच्याही सांगतं, तेव्हा त्या पुस्तकात किंवा जुन्या अंकात ताडून पाहाव्यात, आणि मदत घेतली असेल तर सरांना आधीच सांगावं.

राहता राहिली सरांशी बोलायची गोष्ट. तिनं वाद घालायला जाऊ नये, वही घेऊन जावं. पेनानं लिहिलेल्या पहिल्या खर्ड्यात खाडाखोड असेल, समासात घुसडलेलं वाक्य असेल, आधी लिहून मग काट मारलेलं नाव असेल. विचार करत लिहिल्याची ती सगळ्यांत सोपी खूण आहे, आणि कुठल्याही टक्क्यांपेक्षा शिक्षकांना ती लवकर पटते. 'सर, मला लेखावर काहीही विचारा' असंही तिनं म्हणावं. बांकाबाई कोण, पिवळी कुठून निघते, हे दोन-तीन प्रश्न विचारले की त्यांना उलगडा होईल. त्यानंतर 'कोणकोणती वाक्यं खटकली त्यांवर खूण करून द्याल का' असं विचारावं; वर्षानुवर्षं वह्या तपासलेल्या माणसाचा तो कान फुकट घालवण्यासारखा नाही. एवढं करूनही त्यांची खात्री पटली नाही, तर नवा लेख आणि जुना खर्डा एकत्र टाचून वार्षिकांकाच्या संपादक मंडळातल्या दुसऱ्या शिक्षकांना वाचायला द्या, आणि तुम्ही स्वतः सोबत जा.